सहापैकी सहा

४ फेब्रुवारी

चि. टिकटिक हिस,

तुझं पत्र काल दुपारी आलं. पाकिटावरच्या पत्त्यातली शून्यं पाहूनच ओळखलं. कंपासने काढल्यासारखी गोल शून्यं काढणारी माझ्या हाताखालून एकच पोरगी गेली. बावीस वर्षांनी चार ओळी लिहिल्यास, त्याही अर्ज केल्यासारख्या. असो. बाईंना पत्र लिहिलंस हेच पुष्कळ झालं.

तुला मुलगी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. पाच वर्षांची, डावा कान गेलेला, उजव्याने मात्र यंत्र लावून चांगलं ऐकते. हे वाचून वाईट वाटलं. तुझ्या डॉक्टरांचं म्हणणं मी दोनदा वाचलं. आतल्या कानाची अशी एक नाजूक ठेवण असते, ती घराण्यात चालत येते, आणि तशी असेल तर डोक्याला लहानसा मार लागला तरी ऐकू येणं एकदम खाली जातं. जपलं तर टिकतं. मोठ्या इस्पितळात तिच्या आतल्या कानाचा फोटो काढायचा नंबर एप्रिलात लागणार, आणि तोवर डॉक्टरांना कळायला हवं की तुझं ऐकणं हळूहळू गेलं की एका दिवसात. म्हणून माझी नोंदवही हवी आहे. बरोबर समजले ना?

वही माझ्याकडेच आहे. शाळा बंद होऊन सहा वर्षं झाली. आता तिथे फरशांचं गोदाम आहे, आणि आपल्या वर्गाच्या खिडकीला विटा लावल्या आहेत. कचेरीवाले सगळी दप्तरं रद्दीत काढत होते. मी म्हटलं, माझ्या वह्यांना हात लावाल तर बघा. रिक्षा करून घरी आणल्या. कपाटाचा खालचा खण त्यांनीच भरला आहे आणि माझे कपडे खुर्चीवर असतात.

तुझ्या चौथीच्या वर्षाचं पान समोर ठेवूनच लिहिते आहे. जून ते मार्च, एकशे एक्याण्णव दिवस. रोज सकाळी सहा आवाज, रोज सहापैकी सहा. अख्ख्या शाळेत असं पान दुसरं नाही. तेव्हा डॉक्टरांना सांग की माझ्याकडे होतीस तोवर तुझ्या कानांना काहीही झालं नव्हतं. पुढे तू त्या हुशार मुलांच्या शाळेत गेलीस. तिथे काय झालं ते मला कसं माहीत असणार?

पानाची नक्कल सोबत पाठवते आहे. मुलीचा एखादा फोटो पाठव. तीही पेन्सिल आपटते का?

बाईंचे आशीर्वाद.

१५ फेब्रुवारी

चि. टिकटिक,

तुझं उत्तर वाचून मला राग आला. बाईंच्या वहीवर विश्वास नाही असं सरळ लिहितेस! मग दोन दिवस राग धरून बसले आणि आज उतरला, कारण तू लहान असतानाही अशीच होतीस. फळ्यावरचं माझं उत्तर चुकलं की हात वर करून उभी राहायचीस आणि मी दुरुस्त करेपर्यंत बसायची नाहीस. आता पुलांची गणितं तपासतेस म्हणे. त्या इंजिनिअरांची मला दया येते.

तू म्हणतेस, त्या शाळेत पहिल्या दिवशी दारावरची घंटा तुला ऐकूच आली नाही. आधीच्या जूनच्या तपासणीत चांगले आकडे, पुढच्या जूनला काहीच नाही, मग मधल्या काळात रोज सहा कसे?

सांगते. तुला आठवत असेल, मी सकाळी एकेकीला समोर बसवायची, तोंडासमोर पुठ्ठा धरायची आणि सहा आवाज काढायची. आ, ऊ, ई, श, स, म. ओठ दिसले तर तुम्ही ओठांवरून ओळखाल, म्हणून पुठ्ठा. मुलीने ऐकून तोच आवाज काढायचा. त्यावरून कळायचं की यंत्र चालू आहे आणि कान शाबूत आहेत. त्या पुठ्ठ्यावरून तुम्ही पोरींनी खुणेने माझं काय नाव पाडलं होतं तेही मला माहीत आहे. तोंडासमोर आडवा तळहात. खुणा करायला शाळेत सक्त बंदी होती, पण मोरीजवळ माझ्याबद्दल काय काय चालायचं ते मी खिडकीतून बघितलेलं आहे.

आता चूक ऐक. मी आवाज नेहमी एकाच क्रमाने काढायची. आ, ऊ, ई, श, स, म. रोज, वर्षानुवर्षं. शिकवण्याच्या पुस्तकात लिहिलं होतं की क्रम बदला, पण सकाळी अठरा मुली, कुणाच्या यंत्राची बॅटरी संपलेली, कुणाचं नाक गळतंय. क्रम बसून गेला. आणि तुझ्यासारखीला सहा गोष्टींचा क्रम पाठ व्हायला किती वेळ लागणार? पुठ्ठ्याखाली माझा गळा दिसायचा. गळा हलला की पुढचा आवाज. तू ऐकत नव्हतीस, मोजत होतीस. तू मला फसवलंस, दुसरं काय! इतर मुलींच्या डोक्यात ते आलंसुद्धा नसतं.

म्हणून तुला एक कामाचं सांगते. तुझी मुलगीही तुझ्यासारखीच असेल, तर तिची तपासणी करणाऱ्यांना म्हणावं क्रम रोज बदला, मधेच गप्प राहा, न बोलता गळा हलवून बघा. हुशार मुलांच्या बाबतीत हीच पंचाईत असते. आपल्याला काय येत नाही ते ती कुणाला कळू देत नाहीत.

तुझा दुसरा प्रश्न जिन्याचा. त्या वर्षी मी पडले होते का, असं विचारतेस. तुला जिना आठवतो, कपाळावरचा ओला रुमाल आठवतो, पुढचं काही नाही म्हणतेस. अगं, शाळेत रोज कोण ना कोण पडत असतं. तुझं म्हणून खास काही मला आठवत नाही. वहीतही नाही. म्हणजे तसं काही झालं नसणार.

मुलीला सांभाळ. तिला झोक्यावर बसू देत नाहीस, पळू देत नाहीस, ती रडते, हे वाचून जीव कासावीस झाला. मुलांना असं बांधून ठेवलं तर ती कोमेजतात.

बाई

२७ फेब्रुवारी

टिकटिक,

बारा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. कामात असशील. मीच लिहिते.

मागच्या पत्रात मी लिहिलं की तू मला फसवलंस. ते वाक्य तेव्हापासून घशात अडकलं आहे. तू फसवलंस हे खरं, पण मी फसले नव्हते.

जानेवारीतली गोष्ट. एका सकाळी तुझी पाळी होती. आ, ऊ, ई झालं आणि मला खोकल्याची उबळ आली. पाणी प्यायले, पुन्हा पुठ्ठा धरला, आणि कुठवर आलो होतो ते विसरून एकदम म काढला. तू म्हणालीस, श. छान, स्पष्ट श. मी पुढे आ काढला, तू म्हणालीस स. मग मी पुठ्ठ्याआड नुसताच गळा हलवला, आवाज काढलाच नाही. तू म्हणालीस, म. आणि हसलीस. सगळं बरोबर आलं म्हणून हसलीस.

तू बाकावर परतलीस, तेव्हा मी उठून तुझ्यामागे गेले आणि पत्र्याची पेटी फरशीवर टाकली. शेजारच्या वर्गातली बाई धावत आली. तू वळलीसुद्धा नाहीस. गणित सोडवत होतीस, पेन्सिल आपटत होतीस. आता आठवतं, त्या आठवड्यात तुझी पेन्सिल फार जोरात वाजायला लागली होती. मीच तुझं नाव टिकटिक ठेवलं आणि ते टिकटिक वाढलं हे माझ्याच लक्षात आलं नाही.

मग मी जागेवर येऊन बसले आणि वहीत लिहिलं, सहापैकी सहा.

का? तीन आठवड्यांवर त्या शाळेची निवड परीक्षा होती म्हणून. बहिऱ्या मुलांच्या शाळेतून तिथे कधीच कुणी गेलं नव्हतं. लेखी परीक्षेत तू पहिली येणार हे मला माहीत होतं, पण त्यांची अट होती की मूल यंत्र लावून ऐकतं असा शाळेचा दाखला हवा. मी तेरा वर्षं पोरींना आ आणि ऊ शिकवत होते. लोक म्हणायचे, ह्या मुली शिवण शिकल्या तरी पुष्कळ. त्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून मला तुला तिथे बसवायचं होतं. तुझ्यासाठी, असं मी स्वतःला सांगायची. निम्मं तरी माझ्यासाठी होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी क्रम मुद्दाम तोच ठेवला. एकदाही खोकले नाही. तोंडी परीक्षेला परीक्षकांच्या खुर्चीमागे उभी राहिले आणि त्यांचा प्रत्येक प्रश्न ओठांनी तुला पुन्हा सांगितला. तू टकामका माझ्याकडे बघत उत्तरं दिलीस. परीक्षक म्हणाले, मुलगी लाजरी दिसते, सारखी बाईंकडे बघते.

मग त्या शाळेत तुझ्यासमोर माझे ओठ नव्हते. त्यांचे मास्तर फळ्याकडे तोंड करून बोलणारे, वर्गात फिरत फिरत प्रश्न टाकणारे. मी सप्टेंबरात बिस्किटांचा पुडा घेऊन आले होते तेव्हा तू शेवटच्या बाकावर होतीस. वहीत सगळी गणितं सोडवलेली, आणि वही कुणी तपासलेली नाही. तुझे मास्तर मला म्हणाले, अहो बाई, हिला तर काहीच येत नाही. मी वही उघडून त्यांच्यापुढे धरायला हवी होती. हिला ऐकू येत नाही, लिहून द्या, हिला सगळं येतं, एवढंच म्हणायला हवं होतं. पण मग माझा दाखला खोटा ठरला असता. मी म्हटलं, नवीन आहे, रुळेल.

चार महिन्यांत तुला परत पाठवलं. आपल्या मुख्याध्यापकांनी तुला शिवणवर्गात घातलं. मी भांडले नाही. त्यानंतर तू माझ्याकडे बघून ओठ वाचणंच बंद केलंस. मी समोर आले की डोळे मिटून घ्यायचीस. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की पुढे काय बोलायचं!

जिन्याचं विचारलं होतंस. त्यावर लिहिते.

बाई

३ मार्च

टिकटिक,

मागचं पत्र त्या ओळीवर संपवलं आणि टपालात टाकून आले. तुझा मोबाइल नंबर पहिल्याच पत्रात होता. दोन ओळी तिथे पाठवता आल्या असत्या, त्याच मिनिटाला मिळाल्या असत्या. मला टाइप करता येतं. भाचीशी रोज गप्पा मारते. पण पत्राला चार दिवस लागतात आणि तेवढे चार दिवस मला मिळतात, म्हणून पत्र. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं लपवायला जागा उरणार नाही.

तू पडली होतीस. नऊ जानेवारी, शुक्रवार, मधली सुट्टी.

आपल्या शाळेचा नियम तुला आठवतो का? जिन्यावरून उतरताना हात मागे बांधून उतरायचं. हात मोकळे असले की मुली खुणा करतात आणि खुणा केल्या की बोलणं राहतं, असं आम्हाला शिकवलं होतं. मीही ते पुढच्या बायांना शिकवलं. रांगेतल्या प्रत्येकीची बोटं पाठीमागे एकमेकांत अडकवलेली. तू रांगेत तिसरी होतीस. मागे वळून मैत्रिणीला काहीतरी खुणेने सांगत होतीस. बहुतेक गणितच, कारण बोटांवर आकडे होते. मी खालून पाहिलं, जोरात पाय आपटला आणि पुठ्ठा रोखला. तू दचकलीस आणि झटकन हात मागे बांधलेस. पुढच्या पायरीवर तुझा पाय सरकला.

माणूस पडताना आपसूक हात पुढे टाकतो. तुझे हात मागेच राहिले. बाईंनी सांगितलं होतं ना. चार पायऱ्या तू हात बांधूनच खाली आलीस आणि कपाळ कठड्याच्या खांबावर आपटलं.

मावशीने, आपल्या आयाबाईने, रुमाल भिजवून आणला. टेंगूळ आलं होतं, रक्त नव्हतं. तू रडलीही नाहीस. मावशी म्हणाली, "बाई, वहीत लिहून ठेवा. घरच्यांना कळवा. डोक्याचं आहे."

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही तुमचं काम बघा."

शनिवार-रविवार गेला. सोमवारी तू सहापैकी सहा आणलेस. मंगळवारी मला खोकला आला.

म्हणजे तुझं ऐकणं हळूहळू गेलं नाही. एका दिवसात गेलं, डोक्याला मार लागून गेलं, आणि मला ते तेव्हापासून माहीत आहे. तुझ्या डॉक्टरांना हवं होतं ते हेच. मी चार फेब्रुवारीलाच लिहू शकले असते. हे पत्र मिळताक्षणी त्यांना दाखव. मुलीला झोक्यापासून, घसरगुंडीपासून लांब ठेव. कोमेजतात वगैरे मी जे लिहिलं ते फाडून टाक. तिचा उजवा कान जप.

तू इतकी वर्षं काय समजत होतीस ते मला माहीत नाही. आपण क्रम पाठ करून बाईंना फसवलं म्हणून हे झालं, असं तर समजत नव्हतीस ना? दहा वर्षांच्या मुलीला एका सकाळी काही ऐकू येईनासं होतं आणि ती घाबरून आपल्या बाईंना खूश ठेवते. त्यात तुझा काय दोष?

मी हे पत्र आजच टाकते. आणि आता नंबर काढून मोबाइलवरही दोन ओळी पाठवते.

बाई

१७ मार्च

टिकटिक,

तुझी दोन्ही उत्तरं मिळाली. मोबाइलवरचं त्याच दिवशी आलं. एकच तारीख होती, "२३ फेब्रुवारी." मला अर्थ लागला नाही. का लागला नाही म्हणते मी? लागला होता. पत्र येईपर्यंत लागला नाही असं धरून बसले.

पत्रात तू सगळं क्रमाने लिहिलं आहेस, गणित मांडतात तसं. बाईंचं पंधरा तारखेचं पत्र एकोणीसला मिळालं. त्यात लिहिलं होतं, पडल्याचं काही नाही. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, मग तशी ठेवण असायची शक्यता कमी, फोटो होईपर्यंत फार धाक नको. तेवीसला तू तिला बागेत नेलंस. झोका तू स्वतः दिलास. ती पडली, उठली, हसली, घरी आली. चोवीसच्या सकाळी तपासणीवाल्या बाईंनी तू सांगितल्याप्रमाणे क्रम बदलला. सहापैकी एकही नाही.

माझी एक गोष्ट तुझ्या कामी आली, ती तेवढ्यासाठी.

मी ही पानं घेऊन खिडकीशी बसले आणि मोठ्याने रडले. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या. मी म्हटलं, माझ्या शाळेतल्या मुलीचं पत्र आहे. त्यांना वाटलं, काहीतरी आनंदाचं असेल.

शेवटी तू लिहितेस, "माफी मागू नका. ती तुमच्याजवळच ठेवा. पण माझी मुलगी गप्प झाली आहे. तिला वाटतं, झोक्यावर उभी राहिले म्हणून देवाने कान नेला. मी सांगते ते तिला पटत नाही, कारण आई समजूत घालते हे तिला कळतं. बाई, तुम्ही येऊन तिला सांगा, चूक कोणाची. तिला ओठ वाचता येत नाहीत. मी शिकवणारही नाही. हातांनी सांगावं लागेल."

पस्तीस वर्षं बहिऱ्या मुलांत काढली आणि मला हातांनी एक वाक्य येत नाही. तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मावशीकडे गेले. दोन गल्ल्या सोडून राहते, गुडघे गेले आहेत, जीभ शाबूत आहे. ती तुमच्या सगळ्या खुणा मोरीजवळ शिकली होती. मला कधी कळू दिलं नाही. मी तिला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "तेव्हाच लिहा म्हटलं होतं ना मी."

"म्हटलं होतं तुम्ही."

"बसा. हात पुढे घ्या. दोन्ही."

चार दिवस जाते आहे. माझी बोटं लाकडासारखी झाली आहेत, आणि मावशी शिकवताना माझ्यापेक्षा कडक आहे. तुझा दोष नाही, हे जमलं. तू चांगली मुलगी आहेस, हे जमलं. तुझी आई लहान होती तेव्हा मी खोटं लिहिलं, हे अजून अडखळतं. चूक कोणाची ते सांगताना स्वतःकडे बोट दाखवायचं. पण मावशी म्हणाली, नुसतं बोट नको, नाव सांगा, मुलांना नाव लागतं. तेव्हा माझं नाव मी तोंडासमोर आडवा तळहात धरून सांगते. दुसरं नाव मला तुम्ही दिलंच नव्हतं.

वही बरोबर आणते आहे. नऊ जानेवारीपुढे जे लिहायचं राहिलं होतं ते लिहिलं. बारा जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंतचं प्रत्येक सहा खोडलं, बाजूला शून्य लिहिलं आणि प्रत्येक शून्यापुढे आजची तारीख घालून सही केली. सत्तावन्न सह्या झाल्या. माझी शून्यं तुझ्याइतकी गोल येत नाहीत.

रविवारी दुपारच्या गाडीने येते. तू लिहिलंस की दाराबाहेर कळ आहे, ती दाबली की आत दिवा लागतो. दाबून उभी राहीन. दार तिनेच उघडलं, तर तुला बोलावून आणायला सांगणार नाही. पिशवी खाली ठेवीन आणि तिथेच, उंबऱ्यावर, आधी तिला सांगेन.

बाई